भिंतीपलीकडच्या मुंग्या

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत सविताबेनच्या स्वयंपाकघराचीही भिंत होती. त्या भिंतीला ओट्याच्या वर वीतभर अंतरावर एक चीर होती. चुना, सिमेंट, साबणाचा तुकडा, जे हाताला लागेल ते माय त्या चिरेत कोंबायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या त्याच्या शेजारूनच नवी वाट काढून हजर असायच्या. लाल, बारीक आणि चावऱ्या. काळ्या असत्या तर मायनं त्यांच्या वाटेला जायचं नावच काढलं नसतं. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी, तिला मारायचं नाही, हे तिला माहेरी, पारोळ्याकडच्या तिच्या गावात, लहानपणापासून सांगितलेलं होतं. लाल मुंगीला मात्र असं कुठलंच अभय नव्हतं. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी माय ओला फडका घेऊन ती रांग पुसून काढायची आणि पुसताना त्यांच्याशी बोलायची. "ह्या भवान्यास्ले दुसरं घर नही का? उठली की मन्हाच दारशी!" असं तिचं चालायचं. अंथरुणात पडल्यापडल्या मला ते ऐकू यायचं. दिवसभरात ती सगळ्यात जास्त बोलायची ती तेव्हाच.

दादा, म्हणजे माझे वडील, सिल्वासाजवळ राखोलीला सुताच्या कंपनीत होते. तिथल्या यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे घरी ते एक तर गप्प असायचे किंवा ओरडून बोलायचे, मधलं काही नाही. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि कुणी आलं नाही की दोन्ही एकदम. मी एकुलती एक. शाळेत गुजराती पोरी, हिंदी पोरी, दाभाडच्या, खेरडीच्या वारली पोरी, सगळ्यांत मिसळून मी तिन्ही भाषा पोपटासारख्या बोलायला शिकले होते. मायला एकच येत होती, अहिराणी. आता कुणी म्हणेल, सिल्वासात मराठी माणसं काय कमी होती? होती की. पण ती शाळामास्तरांची आणि सरकारी ऑफिसातली, मुंबईकडची, कोकणातली. अशाच एका मास्तरीणबाईंकडे माय एकदा हळदीकुंकवाला गेली आणि "मन्हं घर तठे शे" म्हणाली, तेव्हा दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. माय त्यानंतर कुणाकडे गेली नाही. गावी तिच्या सासरी एका पंगतीला चौदा-पंधरा माणसं बसायची, तिथं हिची बडबड ऐकून सासरा म्हणायचा की सूनबाईला रेडिओ लागत नाही. तीच ही बाई. सिल्वासात वर्षभरात तिची जीभ गंजून गेली.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पाळी सुटल्याचा भोंगा, कोपऱ्यावर खानवेलच्या बसचा हॉर्न, दुपारी नळ जाताना होणारी घरघर. आणि भिंतीपलीकडून सविताबेनचं सगळं. पहाटे देवाची घंटी, मग खलात काहीतरी कुटल्याचा ठणठणाट, मग फोडणीचा चर्र आवाज. मायला तिचं तोंड नीट माहीत नव्हतं तेव्हापासून तिचा दिनक्रम पाठ होता. "आते तिनी दाळ घालेल शे," ती मला सांगायची. पलीकडे खल वाजायला लागला की मायही आपला खलबत्ता पुढे ओढायची आणि दाण्याचं कूट करायला बसायची, घरात कूट भरपूर असलं तरी. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना कुटत बसायच्या. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता माझ्या वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी कुणीतरी खुर्ची सरकवतं आणि एखाद्या दिवशी ती सरकली नाही तर माझा जीव उगाच खालीवर होतो, तेव्हा हसू येत नाही.

मुंग्यांवर मायनं काय काय केलं ते सांगायला बसले तर रात्र सरेल. हळदीची रेघ ओढली. हिंगाचं पाणी शिंपडलं. मीठ टाकून पाहिलं, रॉकेलचा बोळा फिरवला. त्या दिवशीच्या भाकरीला रॉकेलचा वास आला म्हणून दादा ताटावरून उठले. दुकानातून मुंग्यांचा खडू आणला. तो दोन दिवस लागू पडला आणि मग मुंग्या त्याच्यावरून अशा चालायला लागल्या की जणू त्यांच्यासाठी रस्ताच आखून दिलाय. शेवटी मायनं परातीत पाणी भरलं आणि गुळाचा डबा, साखरेचा डबा, गावाहून आलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा असे सगळे त्या पाण्यात उभे केले. ओट्यावर स्वयंपाकाला जागाच उरली नाही. माय खाली बसून पोळ्या लाटायची. वांगं भाजायला स्टोव्हही खाली, कढई खाली, आणि ओट्यावर सगळे डबे ऐटीत पाण्यात पाय सोडून बसलेले. आमच्याकडे "मुंगीला मुताचा पूर" म्हणतात. आमच्या मुंग्यांना परातभर पाण्याचा पूरही पुरला नाही. कुठून तरी, छतावरून म्हणा, त्या गुळात पोचल्याच.

मग एका सकाळी मायला उलगडा झाला. मागच्या पडवीत ती कपडे वाळत घालत होती. सविताबेन आपल्या पडवीत आली, हातात वाटी. भिंतीच्या कडेनं वाकून ती चिमटीनं काहीतरी टाकत निघाली, पाठमोरी, स्तोत्र पुटपुटत. माय जवळ जाऊन बघते तर पीठ आणि साखर! जिथं जिथं मुंग्यांचं बीळ होतं तिथं तिथं एकेक चिमूट, अगदी आमच्या चिरेच्या पलीकडच्या तोंडापर्यंत. गुजराती बायकांत ही पद्धतच आहे. मुंगीला त्या कीडी म्हणतात आणि मुंग्यांना असा दाणा घालायचा त्याला कीडियारुं. मुंगीएवढ्या जिवाच्या मुखी आपल्या हातून घास पडला तर त्याचं पुण्य मोठं, असं त्या मानतात. म्हणजे इकडे आम्ही ज्या शत्रूशी लढत होतो त्याला तिकडे रोज सकाळी शिधा मिळत होता.

माय तणतणत घरात आली आणि मला म्हणाली, "जाय, तिले सांग. तुन्ह्या मुंग्या मन्हा घरमा येतस." मी गेले. मी दुभाषी, जिथं तिथं मलाच पुढे करायचे. सविताबेन ठेंगणी, गोरी, अंगानं भरलेली, आणि समोरच्याला कळो न कळो, बोलत राहणारी बाई. तिचे यजमान एका कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होते, मुलं लग्न होऊन सुरतेला. मी सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. म्हणाली, "बेटा, कीडीने घर होतुं हशे? मुंगीला कुठलं आलंय घर, जिथं खायला तिथं ती!" आणि माझ्या हातात डाळ-तांदळाच्या हांडव्याचा एक मोठा तुकडा ठेवला. मी तो खातखातच घरी आले. मायनं विचारलं काय म्हणाली, तर मी म्हटलं हसली. झालं. माय म्हणाली की हसायलाच बसल्यात सगळ्या, आणि तिनं तो तुकडा माझ्या हातून घेऊन खिडकीत ठेवला. तासाभरानं तिनंच तो खाल्ला, हे मी पाहिलं.

उपाय दादांनी आणला. कंपनीच्या क्लबात कॅरम होता आणि कॅरमवर टाकायची बोरिक पावडर. तिथल्या कुणीतरी त्यांना कृती सांगितली. गव्हाचं पीठ, पिठीसाखर, त्यात ही पावडर, दुधाच्या हातानं मळून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या करायच्या आणि मुंग्यांच्या वाटेवर ठेवायच्या. मुंग्या त्या उचलून घरी नेतात आणि बिळातच सगळं घराणं संपतं. मायला ते पटलं. तिनं एका जुन्या तुपाच्या डब्यात कोरडं मिश्रणच करून ठेवलं, लागेल तसं दुधात भिजवायला. घरात गोळ्या ठेवून झाल्या. मग ती पडवीत गेली, कारण रोगाचं मूळ तिकडे होतं, आणि भिंतीच्या कडेनं वाकून एकेक गोळी बिळाच्या तोंडाशी ठेवत निघाली. मी मागे ताटली धरून. आणि नेमकी सविताबेन वाटी घेऊन बाहेर आली.

ती थबकली. आमच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण तिचा चेहरा असा काही फुलला की मी तो आजवर विसरले नाही. "अरे वाह, बेन! तमे पण कीडियारुं पूरो छो? मने कह्युं पण नहीं!" तुम्हीही मुंग्यांना घालता, आणि मला सांगितलंही नाही! तिनं वाटी खाली ठेवली, पुढे आली आणि मायचे पिठानं माखलेले दोन्ही हात आपल्या हातात धरले. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, काय सांगायचं ते जुळवतच होते. पण मायला तेवढी गुजराती कळलीच होती, आणि माझी वाट न बघता ती म्हणाली, "हा." सिल्वासात आल्यापासून माझ्या मदतीशिवाय परक्या माणसाशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

खोटं बोलली, हे खरंच. पण कुणी तरी तिचे हात असे धरून दोनेक वर्षं होत आली होती, हेही तितकंच खरं.

त्यानंतरचे दोनेक महिने आमच्या घरात एक वेगळीच बाई राहत होती. सविताबेननं ओळीतल्या सगळ्या खोल्यांत जाऊन सांगितलं की ही महाराष्ट्रातली बेन बोलत नाही पण मनाची फार दयाळू आहे, मुंगीसुद्धा उपाशी ठेवत नाही. दुपारी बायका सविताबेनच्या दारातल्या ओट्यावर जमायच्या, तिथं मायला बोलावणं आलं. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, तू अभ्यास कर. तिची ती भाषा म्हणजे अहिराणीची गुजरातीत केलेली मिसळ होती. पण गंमत अशी की अहिराणी गुजरातीला मुंबईच्या मराठीपेक्षा जवळची. मायचं "मन्हं" आणि "घरमा" ऐकून मास्तरणी हसल्या होत्या, या बायकांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. सविताबेननं तिला खाखरे भाजायला शिकवले. मायनं तिला बिबड्या शिकवल्या. गच्चीवर दोघींनी मिळून घातल्या आणि कावळे हाकलत उन्हात बसल्या. आमच्या वाटीतून पलीकडे भरीत जायचं, तीच वाटी येताना कैरीचा गोड छुंदा घेऊन यायची. वाटी रिकामी परत करायची नाही, हा रिवाज दोन्हीकडे सारखाच. संध्याकाळी पोळ्या करताना माय काहीतरी गुणगुणायला लागली. दादा मला म्हणाले, "मुंगीले पंख फुटनात वाटस," आणि मायनं लाटणं उगारलं. तिघंही हसलो. त्या घरात तिघं एकदम हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पण आत तिला कुरतडत होतं. एक दिवस सविताबेन चिंतेत म्हणाली, "आ वरसे कीडियो ओछी केम छे?" मुंग्या यंदा कमी का दिसतायत? माझ्याकडून काही पाप तर घडलं नाही ना? माय घरी आली आणि कितीतरी वेळ चुलीजवळ, म्हणजे स्टोव्हजवळ, नुसती बसून राहिली. त्या दिवसापासून तिनं पडवीत विषाच्या गोळ्या ठेवणं बंद केलं आणि खरंखुरं पीठ-साखर घालायला लागली, सविताबेनच्या बरोबरीनं, वाकून, चिमटीचिमटीनं. घरात मात्र ओट्याखाली अजून गोळ्या होत्या, कारण मुंग्या अजून येतच होत्या. म्हणजे सकाळी बाहेर त्यांना जेवू घालायचं आणि आत आल्या की मारायचं, असा तिचा संसार चालला होता. मी विचारलं, माय, तू तिला सांगून का टाकत नाहीस? ती म्हणाली, "सांगीसन? मंग कोनासंगे बोलू मी? भितडासंगे?"  तिला गमवायचं काय होतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

वैशाख अर्धा झाला. पाऊस लागण्यापूर्वी मुंग्यांची कोठारं भरून द्यायची म्हणून त्या दिवसांत बायका मोठं कीडियारुं करतात. अख्खे सुक्या खोबऱ्याचे गोटे आणतात, त्यांना वर भोक पाडतात, त्यात पीठ, साखर, तीळ, तूप असं सगळं ठासून भरतात आणि रानात नेऊन झाडाच्या मुळाशी पुरतात. वरून पाणी नको, माती नको, मुंग्यांना भोकातून आत-बाहेर करता येईल असं. ओळीतल्या सगळ्या बायकांनी टेम्पो ठरवला होता. खानवेलच्या पुढे सागाच्या जंगलात जायचं, तिथंच जेवायचं. माय त्याच्या आदल्या दिवसापासून नुसती लगबग करत होती. गावाला जाऊन दोन वर्षं झाली होती, दादांना सुट्टी मिळाली नव्हती. तिला कुठं तरी, कुणाबरोबर तरी जायला मिळणार होतं. तिनं हिरवी साडी काढली. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली. आपल्या वाटचं पीठ, साखर आणि तूप तिनं आधीच मोजून सविताबेनकडे पोचतं केलं होतं.

त्या सकाळी माय न्हाणीत होती. सविताबेन हाक मारत थेट आमच्या स्वयंपाकघरात आली. आता ती तशीच यायची, हाक मारण्यापुरती मारायची. मी बाहेरच्या खोलीत वेणी घालत होते. तिचा आवाज ऐकला, डबा उघडल्याचा आवाज ऐकला, आणि ती "पीठ थोडं कमी पडतंय, तुझ्या आईकडे तयार आहे ते घेते" असं गुजरातीत म्हणत निघूनही गेली. मायनं रोज गोळ्या करताना त्याच तुपाच्या डब्यातून पीठ काढलेलं तिनं पडवीतून पाहिलं होतं; तिच्या लेखी ते कीडीचंच पीठ. मला काही शंका आली नाही, कारण तिनं कोणता डबा घेतला ते मी पाहिलंच नव्हतं. माय केस पुसत आली, ओट्याखाली वाकली, आणि तशीच उभी राहिली. "डबा कोठे शे?" मी सांगितलं. ओले केस पाठीवर तसेच टाकून ती धावली. मी तिच्या मागे.

सविताबेनच्या पडवीत पितळेचं मोठं तसराळं ठेवलं होतं. आठदहा बायका भोवती. पीठ आधीच ओतलेलं, तूप वरून सोडलेलं, दोघीजणी कोपरापर्यंत हात घालून मळत होत्या, कुणीतरी भजन धरलेलं. आमचा तुपाचा डबा रिकामा होऊन बाजूला आडवा पडला होता. माय दारात थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला दिसत होतं की ती वाट शोधतेय. काही तरी निमित्त काढून ते पीठ बाजूला सारता येईल का, काही सांडता येईल का, पोटात दुखल्याचं सोंग करता येईल का. तसराळं एकट्या माणसाला हलणारं नव्हतं. सविताबेननं तिला पाहिलं आणि हात उंचावून म्हणाली, "आवो बेन, तमारी ज राह जोती हती!" तुमचीच वाट बघत होते. सगळ्या सरकल्या, मध्ये तिच्यासाठी जागा झाली.

तेवढ्यात सविताबेनची नात पिंकी, सुट्टीला सुरतेहून आलेली, चार-पाच वर्षांची पोर, आजीच्या काखेखालून आली आणि त्या गोड पिठात तिनं बोट बुडवलं. बोट तोंडाकडे जात होतं. माय झेपावली आणि तिच्या हातावर फटकन मारलं. पोर किंचाळली. भजन थांबलं. सगळ्या मायकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले, आता मलाच बोलायला लागणार म्हणून. मायनं मला हातानं मागे सारलं आणि स्वतः बोलली, जशी येत होती तशा गुजरातीत, अडखळत, पण मोठ्यानं. "आमां दवा छे. कीडी मारवानी दवा. पोरीले ना खावा दो." यात मुंग्या मारायचं औषध आहे. सविताबेनला समजलं नाही, की समजून घ्यायचं नव्हतं. तिनं विचारलं, कसली दवा? माय म्हणाली, "मन्हा डबामा. मी कीडीने मारती हती. पहिलेथी." पहिल्यापासून मारत होते.

 मळणाऱ्या दोघींनी हात बाहेर काढले आणि ते कुठं पुसावेत हे त्यांना कळेना. कुणीतरी पिंकीचं बोट पाण्यानं खसखसून धुतलं, तिला चूळ भरायला लावली; तिच्या जिभेला काही लागलं नव्हतं. सविताबेन, जी झोपेतही बोलत असेल असं आम्ही म्हणायचो, ती मायकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "तमे?" तुम्ही? माय उभी होती, ओल्या केसांचं पाणी हिरव्या साडीवर ठिबकत होतं. तिनं मान हलवली. मग वाकून आपला रिकामा डबा उचलला आणि आम्ही घरी आलो. ते सगळं पीठ त्या बायकांनी खड्डा करून पुरलं आणि वर दगड ठेवले, म्हणजे एकही मुंगी तिथं पोचू नये. दुपारी नवं पीठ मळून टेम्पो गेला. त्यातल्या बायका काही बोलत होत्या, आम्हाला घरात ऐकू येत होतं. मायनं हिरवी साडी घडी करून ठेवली आणि दशम्या आम्ही दोघींनी खाल्ल्या.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणारी माणसं परत बोलतात. सविताबेन भांडली नाही, कुणाला वाईट सांगत फिरली नाही. भिंतीपलीकडून आम्हाला कळलं की तिनं उपास धरलाय. सकाळी घंटी वाजली पण फोडणीचा आवाज आला नाही. समोर आली की "जय श्रीकृष्ण" म्हणायची, अगदी व्यवस्थित, आणि पुढे जायची. आमची एक वाटी तिच्याकडे राहिली होती. माय त्या वाटीची वाट बघत होती, मी सांगते, ती वाटेकडे डोळे लावून बसली होती. चार दिवसांनी वाटी उंबऱ्यावर ठेवलेली मिळाली. घासून पुसून लख्ख केलेली, रिकामी. मायनं ती आत आणली, बोट फिरवून पाहिलं, आणि मांडणीवर सगळ्यात मागे ठेवली. दुपारी तिच्या दारातल्या ओट्यावरच्या बायकांचे आवाज यायचे. माय तेव्हा आपली कामं मोठ्यानं करायची, भांडी आपटून.

मला त्या वेळी सविताबेनचा भयंकर राग आला होता. तुझ्या नातीला वाचवलं, ते गेलं कुठं? मुंगीला दया आणि माणसाला नाही? आज तो राग मला तितकासा धरता येत नाही. ती बाई रोज पहाटे उठून ज्यांना घास घालत होती त्यांना तिच्याच शेजारी वाकून कुणीतरी विष घालत होतं, आणि तिनं त्या हातांना आपले हात लावले होते. तिचं दुःख खोटं नव्हतं. मायचंही नव्हतं. गप्प राहिली असती तर पिंकीच्या हातावरचा तो फटका खपून गेला असता, कदाचित. पण मग मुलांना उरलेलं पीठ प्रसाद म्हणून वाटलं असतं. मायनं पुढचा विचार किती केला मला माहीत नाही. तिच्याकडे सिल्वासात एकच गोष्ट होती आणि तिनं ती सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं, धड येत नसलेल्या भाषेत देऊन टाकली. एवढं मात्र मला माहीत आहे, की त्या दिवसानंतर मी तिच्यासाठी दुभाष्याचं काम कधीच केलं नाही. तिला कुणाशी बोलायचंच नव्हतं.

घरातल्या गोळ्या संपल्या, तिनं नव्या केल्या नाहीत. मुंग्या परत आल्या. चिरेतून आल्या, खिडकीच्या चौकटीवरून आल्या, परातीतलं पाणी आटलं तशा डब्यांवर चढल्या. माय सकाळी उठून ओला फडका घ्यायची नाही. भांडत नव्हती, शिव्याही देत नव्हती. एका संध्याकाळी दादा पाळीवरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि ओट्याकडे बघून ओरडले की ही काय दशा, दुधाच्या पातेल्यापर्यंत रांग लागलीय, डोळे फुटले का? मग उठून खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. क्लबातून पुन्हा आणलेली पावडर होती. त्यांनी ती मायसमोर धरली. माय तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. कोनी तं येस आपला घरमा."

दादांना ऐकू कमी यायचं, पण हे त्यांनी ऐकलं.  त्यांनी पुडी पिशवीत परत ठेवली, मायच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि हळू आवाजात, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता तेवढ्या हळू आवाजात, तिला विचारलं की आज दिवसभर काय काय केलं.